पाचपैकी पाच

मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवर सगळ्यांचे अर्ज तेवढे लिहिले. तात्यांविषयी लिहिण्याचा हक्क तर मला सगळ्यांत कमी. तरी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

तात्या माझे थोरले चुलते. वडीगोद्रीला त्यांची मोसंबीची रोपवाटिका होती. जंबेरी या जंगली लिंबाच्या रोपाला चीर देऊन ते त्यात मोसंबीचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, बसवत आणि काकू वरून पट्टी बांधत. तात्यांना अक्षरं येत नव्हती, आकडे मात्र येत. "डोळा भरताना बोलू न्हाई," असं बजावून स्वतः दिवसभर बोलत. कुणाचं कलम वाळलं की विचारायचे, "काय पाव्हणं, भरलं व्हतं का नुसतं चिकटवलं व्हतं?"

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा ते मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार बसला. दोन महिन्यांनी हिंडूफिरू लागले, पण रोपांत डोळे उलटे बसवू लागले. ते चहाला उठले की काकू गुपचूप पट्टी सोडून डोळा सुलटा करत. तात्यांना विचारलं तर म्हणत, "मला काय झालंय? बिलकुल बराबर हाय."

औरंगाबादच्या डॉक्टरांनी दोन सारखेच कागद दिले. निरोप लक्षात राहतो का, राग आवरतो का, पूर्वीचं काम जमतं का. प्रत्येकाला पाचपैकी गुण. एक कागद तात्यांच्या मताचा, दुसरा घरच्यांच्या.

"दोन्हींत फरक पडला तर समजायचं, त्यांची अडचण त्यांनाच कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "मग दर आठवड्याला आणा. आधी चूक दिसायला शिकवू, हात नंतर सुधारेल."

तात्यांचा कागद मी वाचून भरला. "पाच. पाच. लिव्ह की, थांबलास कशाला?"

मग घरच्यांचा कागद घेतला. तात्या शेजारीच, माझ्या पेनाकडे बघत. 'पूर्वीचं काम' आलं आणि हात अडला. काकूंकडे पाहिलं, तर त्यांनी मान खाली घातली. ज्यांनी हाताला धरून शाळेत बसवलं, त्यांच्यासमोर 'एक' कसा लिहू? पाच लिहिला. मग सगळीकडेच पाच.

डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहिले. "नक्की?"

मी मान डोलावली. पुन्हा या, असं कुणी म्हणालं नाही.

तीन वर्षं काकू डोळे सुलटे करत राहिल्या. सुट्टीत गेलो की कंबरेवर हात ठेवून उठताना दिसत. एकदा म्हणाल्या, "थकले रे बाबा. पन त्यांला 'बसा आता' म्हनवत न्हाई."

मागच्या आठवड्यात वसतिगृहावर चुलतभावाचं पत्र आलं. तात्या तापाने गेले. परीक्षा म्हणून मला कळवलं नव्हतं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी काकूंना जवळ बोलावून विचारलं होतं, "खरं सांग, माझ्या मागं किती डोळे सुलटे केलेस?"

"एक बी न्हाई," काकू म्हणाल्या.

तात्या थोडं हसले म्हणे. "तू बी त्या पोरावानी पाचच लिव्हतीस."