गाय आपल्याला काय देते?

माझी फजिती ऐकायची आहे? ऐका मग, पण चहा थंड होऊ देऊ नका. आणि हसायचं तर तोंडावर हसा, माझी पाठ फिरल्यावर नको!

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. एटापल्लीच्या आमच्या शाळेतल्या एका मुलीला गडचिरोलीच्या वसतिगृहात जागा मिळायची. एकच जागा! दरवर्षी ती जायची कुठे? कोणातरी ठेकेदाराच्या नाहीतर सरपंचाच्या घरी. त्या वर्षी माझी जुरीही त्या जागेसाठी उभी होती. आतल्या जंगलातल्या माडिया गावची पोर, माझ्या ओट्यावर बसून वाचायला शिकलेली. मी स्वतः शाळेची पायरी न चढता शिकले, तेव्हा माझा तोरा काही विचारूच नका.

तर नागपूरहून एक टायवाले साहेब कॉम्प्युटर घेऊन आले. टीव्हीसारखा डबा, समोर बटणं. म्हणाले, "हे यंत्र माणसासारखा विचार करतं. मुलांची हुशारी तपासतं."

जागा कोणाला द्यायची, त्यासाठी भरलेल्या गावसभेत मी उठले. "मंग यालेच निवडू द्या ना पोरगी! याले ना जात समजत, ना आडनाव. याचा निकाल आखरी. मागाहून कोणी कुरकुर नाई कराची!"

टाळ्या! आपल्या पोरीसाठी जागेवर डोळा ठेवून बसलेल्या ठेकेदाराचं तोंड असं उतरलं, की मला रात्री दोन घास जास्त गेले.

परीक्षेला जुरी बसली. साहेबांनी पडद्यावरचा पहिला प्रश्न मराठीत सांगितला. "गाय आपल्याला काय देते? एक, दूध. दोन, अंडी. तीन, लोकर. चार, काहीच नाही."

जुरीनं दाबलं चार.

यंत्र भों करून ओरडलं. नापास! पहिल्यालाच चुकलं, की पुढचं ते विचारतच नव्हतं.

"काऊन वं पोरी?" मी किंचाळले.

"गाय आपल्याले काऊन देईन, आजी? दूध तं वासराचं हाय."

आता बोला! तिच्या गावात गाय पिळतच नाहीत. वासराच्या तोंडचं काढून आपण प्यायचं, म्हणजे चोरीच की. यंत्राला जात नव्हती हो, पण त्याच्या पोटात प्रश्न भरणाऱ्याच्या दारी रोज सकाळी दूधवाला येत होता!

मी भांडले. साहेब गोड हसले. "बाई, निकाल आखरी, असं तुम्हीच म्हणालात ना?"

मग मी डाव टाकला. "मले बसवा समोर!" मीही चारच दाबणार, आणि मला नापास करणारं यंत्र गाढव ठरणार. अख्ख्या तालुक्यात मला ठोंबी म्हणायची कोणाची छाती होती?

तोच प्रश्न आला. बोट चारवर नेलं. मागे सगळं गाव उभं. ठेकेदाराची बायको कुजबुजली, "पाहा वं, बुढीले एवढंबी नाई येत."

झालं! बोट गेलं एकावर. आणि पुढचेही सगळे धडाधड बरोबर! यंत्रानं गाणं वाजवलं, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि मी काय करत होते? चारी बाजूंना नमस्कार!

साहेब खूश. "बघा! शाळेत न गेलेल्या बाईसुद्धा पास. यंत्र किती निःपक्षपाती आहे!" जागा गेली ठेकेदाराच्या पास झालेल्या पोरीला. कुरकुर करणार कोण?

जुरीनं माझा पदर ओढला.

"आजी, पास तं तू झाली. मंग जाय आता होस्टेलात. मी येईन तुले भेटाले."