चर्चमध्ये आईची दाद

सोल आणि गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भावगीतं आणि चर्चमधली भक्तिगीतं, गाणाऱ्या बायकांवर माझा किती जीव आहे, माहीतच आहे तुम्हाला. ट्रेनमध्ये रोज हेडफोनवर त्याच असतात.

आज पुण्याहून माझ्याकडे अमेरिकेत आलेल्या आईला घेऊन इथल्या एडिसन गावाजवळच्या एका चर्चमध्ये गॉस्पेल ऐकायला गेले. साठीच्या गायिकेने असा काही वरचा सूर लावला की माझे डोळेच भरून आले.  आई मात्र मैफलीत बसल्यासारखी मोठ्याने म्हणाली, "क्या बात है!"

मी तिचा हात दाबला. "आई, हळू! चर्च आहे."

"अगं, ती जीव ओतून गातेय, गप्प कशी बसू?"

गायिकेने आईकडे बघून मान डोलावली आणि तीच ओळ पुन्हा घेतली, आणखी खुलवून.

इतकी वर्षं ऐकतेय मी. दाद मात्र आईने दिली. तुम्ही शेवटची कधी दिलीत, मोठ्याने?