दाजींच्या बारा बादल्या

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रावेतच्या एका नर्सरीत मे फ्लॉवरच्या कुंड्या मागत होतो. दुपारपासूनची ही तिसरी नर्सरी. "सर, कळी आलेली एकच आहे. बारा कुठून आणू?" नर्सरीवाला म्हणाला. "कार्यक्रम आहे का काही?" मी म्हटलं, कार्यक्रम नाही, पण बाराच हव्यात. एवढ्यात खिशात फोन वाजला. "सुध्या, ये," ताई म्हणाली. एवढंच. हातातली कुंडी मी होती तिथे परत ठेवली. आता ती घेऊन कुणाला फसवायचं होतं?

विलासदाजी माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. चाकणच्या एका कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्शनला होते. पुढ्यात येईल तो पार्ट मोजायचा आणि पास नाहीतर रिजेक्ट म्हणायचं, हेच त्यांचं काम. ताईला बघायला आले तेव्हा त्यांनी चहाच्या कपाची दांडी तिरकी असल्याचं आमच्या आईला सांगितलं होतं. तरी लग्न झालं. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा चिखलीतल्या फ्लॅटच्या गच्चीवर त्यांनी कंद मोजायला घेतले. भंगारवाल्याकडून ऑइलच्या बारा बादल्या आणल्या, प्रत्येकीच्या बुडाला पाच भोकं पाडली, बाहेरून पांढऱ्या रंगानं एक ते बारा आकडे घातले. कंद लावताना जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन बसायचे. खरंच! मी बघितलंय. "मास्तर, कंदाची मान मातीच्या वर पायजे. मान गाडली की गुदमरतो तो." मी शाळेत भूगोल शिकवतो. मृदेचे प्रकार मला तोंडपाठ आहेत, पण घरातली तुळससुद्धा माझ्या हाताला टिकत नाही. दाजींना हे ठाऊक होतं, म्हणून मला ते त्यांच्या गच्चीवर फक्त चहा प्यायला बोलवत.

मे फ्लॉवर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळा उतरणीला लागला की उघड्या मातीतून एक जाड देठ वर येतो आणि त्याच्या टोकावर लाल तंतूंचा गोल चेंडू फुलतो. आठ-दहा दिवस टिकतो, की संपलं. मग पावसाळाभर पानं. दिवाळीनंतर ती पिवळी पडून गळतात आणि पुढे चार-पाच महिने बादलीत नुसती माती दिसते. आत कंद झोपलेला असतो. त्या काळात त्याला पाणी द्यायचं नाही. हे वाक्य दाजींनी मला किती वेळा सांगितलं असेल!... फेब्रुवारीत त्यांना दवाखान्यात हलवलं तेव्हा स्ट्रेचरवरूनही तेच. "ताई तुमची हितं दवाखान्यात राहील. घराची किल्ली तुमच्याकडं. माठ भरा, पेपर उचला, पन बादल्यांना हात लावू नका. व्हय का न्हाई?" मी म्हटलं, व्हय.

दाजींच्या किडन्या थकल्या होत्या. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आणि पाण्यावर बंदी. दिवसभराचं पाणी ताई एका बाटलीत भरून ठेवायची आणि तेवढंच पुरवायची. संध्याकाळी शाळा सुटली की ताईला जरा टेकू द्यायला मी जायचो, तेव्हा बाटलीचा पहारा माझ्याकडे. "मास्तर, एक घोट." "दाजी, आजचं संपलं." "भूगोल शिकवता का कायदा?" मी हसायचो आणि पाणी द्यायचो नाही. ओठ फुटले होते त्यांचे. ओला कापूस फिरवला की जीभ बाहेर काढून तो चाटायचे. असल्या वेळी माणसानं बाहेर निघून जावं की तिथेच बसावं, हे मला अजून कळलेलं नाही. मी बसायचो, घड्याळ बघायचो.

तिथून निघालो की रोज चिखलीला त्यांच्या घरी जायचो. आजूबाजूच्या वर्कशॉपांतली मशिनं तेवढ्यात बंद होत असत. गच्चीवर त्या बारा बादल्या, माती भेगाळलेली, बादलीच्या कडेपासून सुटलेली. पहिले दोन दिवस मी शहाण्यासारखा वागलो. तिसऱ्या दिवशी चार नंबरला तांब्याभर पाणी घातलं. माती ते पिताना चर्र आवाज करत होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... मग सगळ्यांनाच घातलं. मग रोज. दिवसभरात कुणाला तरी पाणी पाजल्याचं समाधान घेऊन मी चिंचवडला माझ्या घरी जायचो आणि पोटभर जेवायचो.

एप्रिलच्या मध्यावर सात नंबरमधून वास आला. बोट घातलं तर ते सरळ आत गेलं, सडक्या कांद्यात जावं तसं. एकेक करून बाराही उकरल्या. बारा रिजेक्ट. मी माती परत लोटली, हातानं सारखी केली, नळावर हात धुतले. तरी वास गेला नाही.

दाजी रोज विचारत, "कोंबाचं तोंड दिसलं का?" मी रोज म्हणे, "अजून नाही, दाजी." हे निदान खरं होतं. शेवटच्या आठवड्यात मात्र त्यांचा आवाज घशातच राहायला लागला. मी वाकून कान लावला, तर तेच. तोंड दिसलं का? मी म्हटलं, दिसलं. चार नंबर उमलला. "फोटू," दाजी म्हणाले. माझ्या मोबाइलमध्ये गेल्या मे महिन्यातला एक होता, तो समोर धरला. त्यांनी बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले. पास नाही, रिजेक्ट नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी नर्सऱ्या हिंडायला निघालो. निदान खरीखुरी फुलं दाखवू, बाराही बादल्या भरून टाकू, असं डोक्यात होतं. पुढचं वर सांगितलंच आहे.

तेराव्यानंतर ताई पहिल्यांदा गच्चीवर गेली. "अजून एकही नाही रे," म्हणत बादल्यांपाशी वाकली. मग मी सांगितलं. सगळं, पाण्याचं आणि फोटोचंही. तिनं ऐकत ऐकत चार नंबरची बादली उपडी केली. आतून काळा चिखल पडला. तो तिनं हातानं चाचपला, जणू काही सापडणार होतं. मग पदराला हात पुसून म्हणाली, "बघू तो फोटो." चष्मा लावून पाहिला आणि मोबाइल माझ्याकडे परत दिला. "सुध्या, भिंत पिवळी आहे यात."

दिवाळीच्या आधी सोसायटीनं सगळी बिल्डिंग राखाडी रंगवून घेतली होती. दाजींनी तेव्हा रंगाऱ्यांच्या मागे लागून ती भिंत दोनदा घासायला लावली होती. "त्यांना दिसलं असेल का गं?" मी विचारलं. ताई चार नंबरची रिकामी बादली घेऊन खाली गेली. मी परत विचारलेलं नाही.

गेल्या रविवारी तिनं मला बोलावून घेतलं. दाजींचा मोबाइल तिनं चालू ठेवलाय; फ्रिजवर चार्जिंगला असतो. दाजींनी आजवर कितीजणांना कंद वाटले याचा मला पत्ता नव्हता. ही माणसं दर मे महिन्यात आपापल्या फुलांचा फोटो दाजींना पाठवतात. यंदाही आले होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आठ फोटो, आठ लाल चेंडू. पहिला कंपनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा होता: "दोन आली यंदा, साहेब. पास का? तुमच्या बारा कशा आहेत?" त्याच्या वर गेल्या वर्षीचं दाजींचं उत्तर तसंच होतं. "पास. मान अर्धा इंच वर घ्या."

"मला नाही जमत," ताई म्हणाली. "तू लिही. पण खरं लिही."

मी लिहिलं, दाजी एप्रिलमध्ये शांतपणे गेले. मग 'शांतपणे' खोडलं. खाली लिहिलं: त्यांच्या बाराही बादल्यांतले कंद मी पाणी घालून कुजवले. तुमची फुलं छान आहेत. त्यांचा मेहुणा. ताईनं चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"पाठव," ती म्हणाली. "आणि पुढचा उघड."