थुंका आणि साठ मोजा

वाईन चाखून थुंकणाऱ्या पाहुण्यांची बादली मी दिवसातून चार वेळा ओतते. एकोणीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, सवय झाली असेल. नाही झाली. कोमट लाल वाईन, लाळ, त्यात तरंगणारा चीजचा तुकडा आणि चघळून टाकलेली ऑलिव्हची बी, हे रोज बघते आणि रोज तोंड फिरवून ओतते. पण गेली दोन वर्षं त्या बादलीपेक्षा जास्त किळस मला माझ्याच तोंडच्या वाक्यांची येते. त्याला कारण तिओ आडेलिनो.

तिओ म्हणजे काका. कॅनडातल्या ओलिव्हर गावच्या आम्हा पोर्तुगीज घरांत ते सगळ्यांचेच काका. आमच्या वायनरीच्या तळघरात त्यांनी एकतीस हंगाम काढले. पिंपं घासली, टाक्यांत उतरून द्राक्षांचा चोथा फावड्यानं उपसला, आणि कुठलं पिंप कधी बाटलीत भरायचं हेही त्यांच्याच जिभेनं ठरायचं. बाटलीवर नाव मात्र मालकाचं, नाहीतर मालकाच्या कुत्र्याचं. खोटं नाही सांगत, आमच्या मालकाच्या, ट्रेव्हरच्या कुत्र्याच्या नावाची एक गुलाबी रोझे वाईन आजही आमच्या फळीवर आहे. तिओंना ते फार लागायचं. तसा माणूस अबोल, पण एकदा माझ्यासोबत ग्लास पुसता पुसता बोलून गेले.

"लुसिंडा, एक बाटली. एकच. माझं नाव असलेली. रविवारी नातवंडांसमोर टेबलावर ठेवीन, मग मेलो तरी चालेल."

"मराल कशाला? आधी मला एक ग्लास पाजा."

"तुला? तू त्यात बर्फ घालशील! गाढवाला गुळाची चव काय!"

निवृत्तीच्या आधीच्या हंगामात ट्रेव्हरनं शब्द दिला. उतारावरच्या मळ्यातली, तिओंनी स्वतः लावलेल्या काबर्ने फ्रांक वेलींची लाल वाईन 'आडेलिनो' या नावानं निघणार. जुलैत लेबलं छापून आली. तिओंनी एक मागून घेतलं आणि पाकिटात जपून ठेवलं. ऑगस्टमध्ये तलावापलीकडचे डोंगर पेटले.

तीन आठवडे धुरानं दरी भरून राहिली. मग वारा फिरला, आभाळ निवळलं, द्राक्षं तोंडात टाकली तर गोडच. ट्रेव्हर खूश. तिओंनी मात्र बादलीभर घड खुडले, चिरडले आणि धुण्याच्या खोलीत उबेला आंबवत ठेवले. दहा दिवसांनी मला हाक मारली.

"घे घोट. आता थुंक. पाणी पिऊ नकोस, बोलू नकोस. साठपर्यंत मोज."

आधी छान लागलं, पिकल्या चेरीसारखं. चाळीसपर्यंत काही नाही. पन्नाशीला घशाच्या तळातून ते वर आलं. विझल्या चुलीतली ओली राख कुणी जिभेवर थापावी तसं.

"शी! काय हे?"

"धूर. सालीत लपून बसतो आणि लाळ लागली की बाहेर येतो. घाईनं पिणाऱ्याला पत्ता लागत नाही."

ती बाटली घेऊन ते ट्रेव्हरकडे गेले, मीही मागोमाग गेले. ट्रेव्हरनं घोट घेतला आणि लगेच सँडविचचा चावा.

"मस्त आहे की!"

"सँडविच खाली ठेव आणि मोज."

"आडेलिनो, लेबलं छापून झालीत."

"मग माझं नाव काढ. वाईन तुझी आहे, हवी तशी वीक. नाव माझं आहे."

"थकलायस तू," ट्रेव्हर म्हणाला आणि दुसरा चावा घेतला. त्याच्या दाढीला मेयोनीज लागलं होतं, ते मला आजही दिसतं.

द्राक्षं तोडली, वाईन झाली, वर्षभर पिंपात मुरली. पुढच्या ऑक्टोबरात वाईन महोत्सव आला. वेलींच्या दोन ओळींमध्ये लांबच लांब टेबल मांडलं होतं. ऐंशी पाहुणे, प्रत्येकापुढे चार ग्लास. तीनशे वीस ग्लासांना वाफ देऊन मी फडक्यानं लख्ख केले होते, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या कडांवर लिपस्टिक आणि बदकाची चरबी. काय ती माणसं! जन्मात घोड्याजवळ उभी न राहिलेली बाई म्हणत होती, "यात खोगिराचा वास आहे." एका लिननच्या कोटवाल्यानं नाक ग्लासात इतकं खुपसलं की वर आलं तेव्हा शेंडा लाल. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

तिओ नवे बूट घालून आले होते. स्वयंपाकघरात मला म्हणाले, "आज सांगूनच टाकतो. ट्रेव्हर नाही ऐकत, पण ऐंशी जिभा तर खोटं बोलणार नाहीत ना?"

'आडेलिनो' ओतून झाली, ट्रेव्हरनं त्यांना उभं केलं, सगळ्यांनी ग्लास उचलले. तिओ खणखणीत आवाजात बोलले.

"एक घोट घ्या. गिळू नका, थुंका. मग साठपर्यंत मोजा. खायचं नाही, बोलायचं नाही. आणि मग तुम्हीच सांगा, या बाटलीवर कुणाचं नाव शोभतं का."

मी बादल्या घेऊन धावले. ऐंशी माणसं थुंकली. सगळं टेबल मनात मोजू लागलं. पन्नाशीच्या सुमाराला चेहरे बदलायला लागले. एकानं जीभ बाहेर काढली. खोगीरवालीनं तोंडाला रुमाल लावला. मला इतका आनंद झाला! म्हटलं, कळलं यांना, सुटले तिओ.

तेवढ्यात लिननच्या कोटवाल्यानं छातीवर हात ठेवला.

"देवा! कॅम्पफायर! माझ्या लहानपणीचा कॅम्पफायर!"

खोगीरवालीनं झटक्यात रुमाल खाली घेतला. "हो, हो! मलाही आला! भाजलेल्या मार्शमॅलोसकट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिओ ओरडले, "अहो, राख आहे ती! बिघडलीय वाईन!" लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "किती साधा माणूस आहे बघा." ट्रेव्हरनं त्यांना मिठी मारली आणि फोटो निघाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिओ खाली बसले आणि समोरच्या पावाचे तुकडे करत राहिले. खाल्ला एकही नाही.

पुढच्या खेपेच्या बाटल्यांवर मागच्या बाजूला नवा मजकूर आला: 'थुंका आणि साठ मोजा. आडेलिनोची खास रीत.' ती रीत काउंटरवर करून दाखवायचं काम माझं. हे कळल्यावर तिओ माझ्या घरी आले. कोट न काढता दारातच उभे राहिले.

"लुसिंडा, ट्रेव्हर ऐकणार नाही. पण मोजणारी तू आहेस. तू तरी करू नकोस. माझ्या नावानं ती राख लोकांना विकू नकोस."

"नाही करणार, तिओ. शपथ."

मनापासून म्हणाले होते मी. तीन आठवडे टाळलंही. गिऱ्हाइकांना दुसऱ्याच बाटल्या दाखवल्या. मग एका शनिवारी व्हँकुव्हरहून बस भरून माणसं आली, ट्रेव्हर येऊन माझ्या पाठीमागे उभा राहिला आणि म्हणाला, "आडेलिनो ओत." मी ओतली. सगळे थुंकले. मी मोजायला लागले, गोड आवाजात, हसत, शाळेतल्या बाईसारखी.

विसाला दार उघडलं. तिओ आत आले. हातात पिशवी होती, त्यांच्या परसातली कोबीची पानं. माझ्या सुपासाठी दर हंगामात आणायचे. माझ्याकडे बघत ते दारातच थांबले. माझा आवाज अडखळला नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी येते.

चाळिसाला त्यांनी पिशवी दाराशी ठेवली आणि निघून गेले. मी साठपर्यंत मोजलं.