वर्कशीटवरची आजी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. निवृत्तीनंतर घरात एकटा बसलो की आठवतं ते मात्र मध्य प्रदेशातल्या धारच्या पोलीस ठाण्यात आलेलं एका फोटोचं प्रकरण.

अर्जदार म्हातारा फोटोग्राफर होता. स्टुडिओ बंद केलेला, बायको वारलेली, मूलबाळ नाही. शेजारची मुलगी सुट्टीत देवासला आत्याकडे राहून आली, तेव्हा तिच्या दप्तरात त्याला तिथल्या मराठी वर्गाचं वर्कशीट दिसलं. त्यावर त्याच्या बायकोचा, त्यानेच काढलेला फोटो होता. नऊवारी नेसून ती करंज्या तळत होती. खाली छापलं होतं, 'आजी'.

आमचे हवालदार समजुतीने म्हणाले, "काकासाब, बच्चों के काम आ रहा है, आने दो."

त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाला, "ती कुणाची आजी नव्हती, साहेब. गुन्हा नोंदवा."

फोटो त्याचाच कशावरून, असं विचारल्यावर तो घरी जाऊन निगेटिव्ह घेऊन आला. मालकीचा प्रश्न मिटला. मी अर्ज चौकशीवर ठेवला आणि कायदा काढून वाचला. शिक्षकाने वर्गात शिकवण्यासाठी चित्राची नक्कल केली तर गुन्हा होत नाही. तीच छापून बाजारात विकली तर होतो. म्हणजे वर्कशीट विकलं जातं का, एवढंच शोधायचं होतं.

रविवारी साध्या कपड्यांत देवासला गेलो. अर्जदार हट्टाने सोबत आला. वर्गाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून ते वर्कशीट मागितलं. दुकानदार म्हणाला, "भिया, वो बेचने का नहीं है. मैडम अपने बच्चों के लिए निकलवाती हैं."

वर्ग एका देवळाच्या सभागृहात भरायचा. घरी हिंदी बोलणारी मराठी मुलं, आणि त्यांना विनामूल्य शिकवणाऱ्या एक तरुण बाई. मी ओळख दिली तशा त्या पांढऱ्या पडल्या. त्यांची खाजगी शाळेतली नोकरी होती, पोलिसात नाव गेलं तर ती राहिली नसती. जबाबात त्यांनी सांगितलं की फोटो त्यांना मोबाइलवर कुणीतरी पाठवला होता. तेव्हा म्हाताऱ्याला आठवलं, वर्षश्राद्धाला त्यानेच तो मराठी समाजाच्या मोबाइल ग्रुपवर टाकला होता, खाली बायकोबद्दल चार ओळी लिहून. पुढे पाठवता पाठवता त्या ओळी गळल्या आणि 'आपली संस्कृती' म्हणून नुसता फोटो फिरत राहिला.

"काका, फोटो कुणाचा हे मी विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "आत्ताच काढून टाकते."

वापर खरोखर शिकवण्यासाठीच आहे ना, याची खात्री करणं माझं काम होतं. मी वर्कशीट मुलांपुढे धरलं आणि विचारलं, "हे कोण?"

"आजी," सगळी एका सुरात म्हणाली. एक मुलगी पुढे म्हणाली, "आजी करंजी तल रही है."

म्हातारा दाराशी चपलांपाशी उभा होता. तो आत आला. मग बाईंना म्हणाला, "राहू द्या. काढू नका."

'शैक्षणिक वापर, विक्री नाही, अर्जदाराची तक्रार नाही' असा शेरा मारून मी दुसऱ्या दिवशी अर्ज निकाली काढला. त्याला सही करायला बोलावलं. सही करून तो बसूनच राहिला.

"चौकशी अजून थोडी चालू ठेवता येईल का? म्हणजे पुढच्या रविवारी जाता येईल."

चौकशी संपली होती आणि खोटं सांगणं मला जमलं नाही. म्हणालो, "वर्गाला जायला पोलीस कशाला हवा?"

"एकटा गेलो तर कोण म्हणून जाऊ?"

कलम सापडलं की माझं काम संपतं, असं मी तोवर मानत आलो होतो. निकाली निघालेल्या अर्जातही माणूस शिल्लक राहतो, हे त्या दिवशी टेबलापलीकडे त्याला बसलेला पाहून कळलं. मी देवासच्या बाईंना फोन लावला आणि 'हे त्यांनाच विचारा' म्हणत तो त्याच्या हातात दिला.