खिडकीने कधी बोलावं

सॉफ्टवेअर विकून झालं की गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतात, आणि फोन थांबले की किस्से उरतात. कुडाळच्या आमच्या ऑफिसात आम्ही दोघंच. प्रोग्राम वैदेहीताई लिहिते, फोन मी घेतो. आणि बहुतेक किस्से एकाच गोष्टीचे: काम चालू असताना स्क्रीनवर मधेच उगवून काहीतरी विचारणारी ती छोटी खिडकी. डायलॉग बॉक्स!

* * *

नांदगावच्या एका काजू कारखान्यातून फोन आला. "कंप्युटर अडाकलो. कायच हलणा नाय."

मी गाडी काढून गेलो. मोठ्या खिडकीच्या मागे आमचाच प्रश्न दडून बसला होता, 'सेव्ह करू का?' उत्तर मिळेपर्यंत बाकी सगळं ठप्प.

तिथलं ऑफिस सांभाळणाऱ्या सुलभावहिनी म्हणाल्या, "एवढो वेळ हो मागे लपान बसललो? काय इचारूचा ता समोर येवन इचार मां!"

परत येऊन मी हे हसत सांगितलं. ताई हसली नाही. संध्याकाळपर्यंत तिने प्रत्येक प्रश्न ज्याच्या त्याच्या खिडकीला बांधून टाकला. तो मागे लपणार नाही आणि दुसऱ्याचं काम अडवणार नाही.

* * *

कणकवलीच्या एका लॅबमध्ये बाई पेशंटचं नाव टाइप करत होत्या. मधेच खिडकी उगवली, 'जुना रिपोर्ट काढून टाकू?' बाईंनी नावापुढे एंटर दाबलं, ते त्या खिडकीत 'हो' म्हणून लागलं. रिपोर्ट गेला. एका गरोदर मुलीला पुन्हा रक्त द्यायला यावं लागलं.

"मी 'हो' म्हटलंच नव्हतं," बाई फोनवर रडवेल्या झाल्या होत्या.

मी ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खरं आहे त्यांचं. तो 'हो' आपण त्यांच्या बोटांतून ओढून घेतला."

* * *

एकदा चहा गॅसवर ठेवून मी टाइप करत होतो. काम संपवून बघतो तर शेजारी ताईची चिठ्ठी: 'चहा उतू गेला. गॅस बंद केलाय.'

"हाक मारायची ना!"

"जे मला करता येत होतं, ते तुला कशाला विचारू?"

* * *

मालवणात मच्छीमारांच्या वायरलेस खोलीसाठी प्रोग्राम करायचा होता. तिथे सदाकाका बसायचे. समोर नकाशा, हवामान, होड्यांचे निरोप, सगळं एकदम उघडं. ताईने विचारलं, "काका, एक खिडकी उघडली आणि बाकीच्या थोड्या वेळ थांबल्या, तर चालेल?"

"बाय, दर्या थांबता काय?"

प्रोग्राम बसवला आणि काही दिवसांतच भर दुपारी वारा फिरला. आम्ही दोघं तिथेच होतो. काका एकेका होडीला बोलावत होते. "देवगड जवळ आसा तर देवगडाक लागा रे. हय येव नकात."

तेवढ्यात प्रिंटरमधला कागद संपला, कुठलं तरी अपडेट आलं, बॅकअपची वेळ झाली. एकेक खिडकी आली आणि कोपऱ्यात गप्प उभी राहिली. नकाशा हलत होता, निरोप येत होते, काकांची बोटं एकदाही अडली नाहीत. ताई हात मांडीवर ठेवून बसली होती. मी तिच्याकडे बघत होतो, ती काकांकडे.

शेवटची होडी किनाऱ्याला लागल्याचा निरोप आला. डोळे पुसून काका पाणी प्यायले. मग खुर्ची पुढे ओढून कोपऱ्यातल्या त्या खिडक्यांकडे वळले.

"हां, आता बोला. तुमचा काय म्हणणा आसा?"