आडातलं कासव

आडात कासव सोडायची आमच्याकडं रीत. ते पाण्यातली घाण खातं, आन कासव धड तर पाणी धड, असं सगळे धरून चालायचे. आमचं कासव बायकोनं परतूरकडच्या माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्तं. ती जाऊन आता वरीस होत आलं. तिच्याबद्दल लिव्हायला बसलो तर आधी हेच आठवलं.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल. कुणाचा कुणावर भरोसा न्हवता. पाण्यात विष टाकतात अशी कुजबुज उठली, तवा मी आडावर फळ्या ठोकल्या, पोहऱ्यापुरतं भोक ठेवलं. भिंतीपल्याड चुलतभाऊ राह्यचा. बांधाच्या भांडणानं आमचं बोलणं बंद. माझा सगळा वहीम त्याच्यावर.

थोड्याच दिवसांत कासव भाकरीच्या तुकड्याला वर येईना. पाण्यात एका अंगावर कलून तरंगायला लागलं.

"घातलं त्यानं विष," मी म्हणलं.

बायकोनं टोपलं सोडून कासव वर काढलं. डोळे सुजून मिटलेले, नाकातून बुडबुडे.

"अवं, गारठलंय ते. दुपारचं ऊन आत उतरायचं तवा कपारीवर येऊन बसायचं. तुमी ऊनच बंद केलं."

"विषानं बी असंच होत असंल."

"मंग आपण काय पिऊन राह्यलो? दूध?"

"हळूहळू भिनणारं असंल."

तिनं पोहरा वढला आन माझ्यासमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्याली. मी मात्र नदीचं आणून प्यालो. दिवसभर तिच्या तोंडाकडं बघत बसलो; ओठ काळे पडले का, डोळे फिरले का. शेवटी ती वैतागली.

"लगीन झाल्यापून एवढं कधी बघितलं न्हाई माझ्याकडं. आज काय मी कासव दिसून राह्यले का?"

कासवाला तिनं घंगाळात थोडं पाणी घालून अंगणात उन्हाला ठेवलं. माझी नजर एकदा तिच्यावर, एकदा त्याच्यावर. हळूहळू सूज उतरली. एका सकाळी भाकरीचा तुकडा पुढं केला तर त्यानं तिच्या बोटासकट धरला. ती वरडली आन हसली बी.

तवा कुठं मी आडाचं पाणी तोंडाला लावलं.

"ह्या बारीला त्यानं टाकलं नसंल," मी म्हणलं.

तिनं पहार आणून माझ्या पायापाशी टाकली. "काढा त्या फळ्या."